ऑटोमॅटिक क्रोनोग्राफ: मोठा सेकंद काटा कायम चालू ठेवावा का?

उपवनकर: मामांनी त्यांचं जुनं ऑटोमॅटिक क्रोनोग्राफ, म्हणजे स्टॉपवॉचवालं मनगटी घड्याळ दिलंय, आत ७७५० मशीन आहे म्हणतात. मोठा सेकंद काटा १२ वर गप्प उभा, त्यामुळे घरचे विचारतात, बंद पडलं का? कायम चालू ठेवला तर? शिवाय वरचं बटण भलतंच कडक आहे. ठाण्यात कोणाला दाखवावं?

घणसोलीकर: नेहमीचे सेकंद ९ जवळच्या छोट्या डायलमध्ये बघा. मोठा काटा फक्त मोजणीचा. १२ जवळ ३० मिनिटं, ६ जवळ १२ तास जमा होतात. कडक बटण हा या मशीनचा स्वभावच. १९७०च्या दशकात वाल्जू या स्विस कंपनीने ते काढलं तेव्हा बटणाचा हुकूम आत पोचवायला खर्चिक कॉलम व्हील या खांबवाल्या चाकाऐवजी साधा कॅम, म्हणजे खाचांची पट्टी घातली. घाबरत अर्धवट दाबू नका, ठाम दाबा. वरचं दाबलं की सुरू, पुन्हा दाबलं की बंद, मग खालच्याने शून्य. काटा धावत असताना खालच्याला हात लावायचा नाही! फ्लायबॅकमध्ये, म्हणजे धावता काटा एका दाबात शून्यावरून पुन्हा सुरू होतो त्या घड्याळात, चालतं, यात नाही.

पामबीच_वॉकर: माझा काटा कायम चालू असतो, काही बिघडलं नाही.

जुनं_ठाणं: तुमच्यात व्हर्टिकल क्लच, म्हणजे मोजणीची चाकं वरून-खालून दाबून जोडणारी रचना असेल, सेइकोने १९६९ मध्येच आणला होता. ७७५० मध्ये तो नाही. मोजणीची चाकं घड्याळ चालवणाऱ्या स्प्रिंगचीच ताकद खातात, झीजही वाढते. उपवनकर, काम झालं की थांबवा. पण वापरा हो, तलावपाळीच्या फेऱ्या मोजा, मोदक वाफवायला लावा.

उपवनकर: धन्यवाद! कडेच्या टॅकिमीटरने, म्हणजे वेगाच्या आकड्यांच्या पट्टीने, लोकलचा वेग कळेल?

खारीगाव_स्लो: खिडकी मिळाली तर. रुळाकडेच्या विजेच्या खांबांवर किलोमीटरचा आकडा असतो. तो बदलला की सुरू, पुन्हा बदलला की बंद. ४५ सेकंद लागले तर काटा ८० दाखवेल, कारण ३६०० भागिले सेकंद. पट्टी बहुधा ६० ला संपते, म्हणजे किलोमीटरला मिनिटाहून जास्त लागलं की खेळ खलास. आमच्या गाडीला नेहमीच लागतं.

जुनं_ठाणं: दुरुस्तीचं राहिलं. दुकानाच्या नावापेक्षा विचारा: ७७५० खोललंय का, घड्याळ किती पुढे-मागे जातं ते मोजणारं टाइमिंग मशीन आहे का? पहिल्यावर "सगळी घड्याळं सारखीच" असं उत्तर आलं तर निघा. शून्य केल्यावर काटा बरोबर १२ वर येतो का तेही तिथेच दाखवा, तो काटा नीट बसवून घेता येतो.

उपवनकर: नाही येत, एक खूण पुढे थांबतो. शनिवारी नेतो.

घणसोलीकर: तोवर पावसात बटणं दाबू नका.