‘हिला बरं कर’ : हे वाक्य मी कोणाला उद्देशून म्हटले?

निरुद्देश

मी स्वतःला गेली पंचवीस वर्षे नास्तिक म्हणवून घेत आलो आहे. हे कोणावर रागावून किंवा एखाद्या दुःखाचा सूड म्हणून नव्हे. जगाचा कारभार पाहणारे आणि माणसाचे म्हणणे ऐकणारे कोणी आहे असे मानण्यास मला पुरेसे कारण सापडले नाही, इतकेच. गेल्या महिन्यात मुलीला चार दिवस ताप होता. तिसऱ्या रात्री दोनच्या सुमारास तापमापकावर १०४ चा आकडा दिसला. डॉक्टरांशी फोनवर बोलून औषध देऊन झाले होते, पुढच्या मात्रेला दोन तास अवकाश होता, आणि कपाळावरची पट्टी पिळून पुन्हा ठेवण्यापलीकडे माझ्या हातात काही उरले नव्हते. तेव्हा माझ्या तोंडून एक वाक्य निघाले : ‘हिला बरं कर.’

ताप पहाटे उतरला आणि तो औषधाने उतरला याविषयी मला शंका नाही. शंका आहे ती त्या वाक्याविषयी. ‘ती बरी होवो’ असे म्हटले असते तर ती नुसती इच्छा ठरली असती. ‘कर’ हा आज्ञार्थ आहे, आणि त्याला समोर कोणीतरी लागते. डॉक्टरांना मी ‘करा’ म्हटले असते. माझ्या पिढीची माणसे वडीलधाऱ्यांपैकी एकेरीत हाक मारतात ती फार तर दोघांना : आईला आणि देवाला. माझी आई हयात नाही.

तेव्हा प्रश्न असा, की माणूस आस्तिक की नास्तिक हे कशावरून ठरवावे : दिवसाढवळ्या विचारपूर्वक मांडलेल्या मतावरून, की रात्री दोन वाजता निसटलेल्या वाक्यावरून?

समईची वात

मी श्रद्धावान आहे हे आधीच सांगते, म्हणजे माझा कल लपून राहणार नाही. माझ्या मते आपण उत्तर स्वतःच दिले आहे. मत हे माणूस चारचौघांत वापरतो. संकटात उपयोगी पडते ते त्याखाली असलेले. फिनलंडमध्ये झालेला आणि २०१४ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग येथे आठवतो. त्यात ‘देवाने माझ्या आईवडिलांचे वाईट करून दाखवावेच’ अशा धर्तीची आव्हाने आस्तिक आणि नास्तिक दोघांकडून मोठ्याने वाचून घेतली आणि त्यांच्या त्वचेवरील घामाचे बदल मोजले. या वाक्यांचे आपल्याला फारसे काही वाटत नाही असे नास्तिकांनी सांगितले, परंतु तळहातांनी मात्र आस्तिकांइतकीच अस्वस्थता नोंदवली. जीभ एक सांगते आणि तळहात दुसरे सांगतो, तेव्हा मी तळहातावर विश्वास ठेवीन.

ठोकताळा

तळहाताला साक्षीदार करण्यापूर्वी चार्ल्स डार्विनची साक्ष काढावी. भावनांच्या आविष्कारावरील १८७२ च्या आपल्या ग्रंथात त्याने लिहिले आहे, की प्राणिसंग्रहालयात एका विषारी सापासमोरच्या जाड काचेजवळ त्याने चेहरा नेला आणि सापाने झडप घातली तरी मागे सरायचे नाही असा पक्का निश्चय केला. साप काचेवर आदळताच तो एकदोन यार्ड मागे उडाला. आता, ती उडी पाहून ‘साप काचेतून चावतो अशी डार्विनची मनोमन श्रद्धा होती’ असे आपण म्हणणार आहोत काय? शरीराला स्वतःच्या जुन्या खोडी असतात. त्यांना मतदानाचा हक्क देऊ नये.

शिवाय हे माप दोन्ही बाजूंनी कापते. आत्मा अमर आहे असे मानणारा माणूस आप्ताच्या मृत्यूनंतर हमसून रडतो, तेव्हा ‘पाहा, याचा अमरत्वावर विश्वास नव्हताच’ असे कोणी म्हटले तर ते क्रूर आणि चुकीचेही होईल. नास्तिकाच्या घामाला जो न्याय, तोच आस्तिकाच्या आसवांना लावावा.

आज्ञार्थाविषयी थोडे. अडकलेल्या यंत्राला आपण ‘चल रे बाबा, चालू हो’ असे म्हणतोच. तेही एकेरीत. यंत्राला कान आहेत असे तेवढ्याने सिद्ध होत नाही. पुढच्या खेपेस मुद्दाम ‘होवो’ म्हणून पाहा, म्हणजे प्रश्नच मिटेल.

शब्दवेल्हाळ

व्याकरण निघालेच आहे तर मूळ शब्दांकडेही पाहू. पाणिनीचे सूत्र आहे ‘अस्ति नास्ति दिष्टं मतिः’ (४.४.६०) : ‘आहे’ अशी ज्याची मती तो आस्तिक, ‘नाही’ अशी ज्याची मती तो नास्तिक, आणि दैवावर ज्याची मती तो दैष्टिक. काय आहे आणि काय नाही हे सूत्रात सांगितलेले नाही. टीकाकारांनी तेथे परलोक घातला. मनुस्मृतीने (२.११) वेदांची निंदा करणारा तो नास्तिक असे ठरवले. त्यामुळे वेदांच्या प्रामाण्यासाठी आयुष्य वेचणारा मीमांसक कुमारिल भट्ट जगाचा निर्माता ईश्वर नाकारूनही आस्तिकांच्या पंक्तीत बसतो. आज ज्याला आपण नास्तिक म्हणू, तो तेव्हा धर्माचा कडवा राखणदार होता. रोमन साम्राज्यातही हेच घडले : राज्याच्या देवांना पूजत नाहीत म्हणून आरंभीच्या ख्रिस्ती लोकांवर निरीश्वरवादाचा आरोप होई, आणि दुसऱ्या शतकातील ख्रिस्ती लेखक जस्टिनने ‘अशा देवांच्या बाबतीत आम्ही निरीश्वरवादी आहोतच’ असे उत्तर दिले. हा शब्द बहुधा विचारणाऱ्याच्या बाजूने घडवला जातो. ज्याला तो चिकटतो त्याच्या अंतरंगाची माहिती त्यातून फारशी मिळत नाही.

पण धागाकर्त्यांच्या कामाची गोष्ट सूत्राच्या शेवटच्या शब्दात आहे. पाणिनीने ‘मती’ म्हटले आहे. वाणी किंवा रोमांच म्हटलेले नाही. त्या मापाने रात्रीचे वाक्य हिशेबात येत नाही आणि आपण नास्तिकच राहता.

समईची वात

मापच चुकीचे असेल तर? ठोकताळा यांचा सापाचा दाखला बिनतोड आहे आणि तळहाताचा मुद्दा मी मागे घेते. परंतु आपण सर्वजण श्रद्धेला ‘ईश्वर आहे’ या विधानावरची सही समजत आहात. तुकोबांच्या गाथेत ‘माझे लेखी देव मेला’ असे म्हणणारा अभंग आहे. मतीच्या मापाने तो नास्तिकाचा उद्गार ठरेल. ऐकणाऱ्या कोणालाही मात्र तो भांडणाचा सूर वाटतो, आणि भांडण होते ते नाते असलेल्यांतच. मदर तेरेसा यांची पत्रे २००७ साली पुस्तकरूपाने आली, तेव्हा अनेक दशके त्यांना ईश्वराचे सान्निध्य जाणवत नव्हते, प्रार्थना पोकळ वाटत होती, हे जगाला कळले. तरीही त्यांनी व्रत सोडले नाही. भावना नाही, खात्रीही डळमळलेली, आणि माणूस जागचा हलत नाही. मी श्रद्धा म्हणते ती याला. ताप उतरला नसता तर आपण कोणावर रागावला असता, हा प्रश्न मला त्या वाक्यापेक्षा महत्त्वाचा वाटतो.

उलटतपासणी

हे सोयीचे आहे. श्रद्धा म्हणजे मत नव्हे, म्हणून ती चुकीची ठरू शकत नाही. भावना नव्हे, म्हणून ती मोजता येत नाही. उरले नाते, पण समोरचा आहे की नाही हे विचारायचे नाही. एवढी सुरक्षित केलेली गोष्ट खरी असली काय आणि नसली काय, फरक कोणता? आणि प्रत्यक्षात तर फरक पडतो. अमेरिकेत १९७५ ते १९९५ या काळात पालकांनी धार्मिक कारणाने उपचार नाकारल्यामुळे दगावलेल्या १७२ मुलांचा आढावा १९९८ साली एका वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यांतील १४० मुलांचे आजार असे होते, की उपचार मिळाले असते तर वाचण्याची शक्यता ९० टक्क्यांहून अधिक होती. त्या आईबापांनीही ‘हिला बरं कर’ हेच वाक्य म्हटले असेल. निरुद्देश यांनी ते औषध दिल्यानंतर म्हटले, आणि पुढच्या मात्रेची वेळही पाहून ठेवली होती. माझ्या दृष्टीने आस्तिक-नास्तिक भेद तेथे आहे. ओठांवर काय आले याच्याशी मला कर्तव्य नाही.

समईची वात

औषध नाकारणे म्हणजे देवाची परीक्षा घेणे, आणि मी त्याला श्रद्धा म्हणत नाही. औषध देऊन प्रार्थना करणारे कोट्यवधी लोक आपल्या भेदात कोठे बसतात? आपल्या रेषेने ते सगळे नास्तिक ठरतील.

उलटतपासणी

त्या १७२ घरांतील आईबाप आपल्याला अल्पश्रद्ध म्हणाले असते. कोणाची श्रद्धा खरी हे मी ठरवणार नाही. पण ते आपसांत ठरवण्याचे माप कोणते, हे कोणी सांगत नाही, एवढेच म्हणतो. रेषेची हरकत मात्र रास्त आहे. औषध देताना सगळेच माझ्या बाजूचे असतात.

निरुद्देश

रागाच्या प्रश्नाला उत्तर देणे भाग आहे. ताप उतरला नसता तर मी स्वतःवर, डॉक्टरांवर, उशिरा निघालेल्या निदानावर रागावलो असतो. आकाशाकडे पाहून जाब विचारला असता असे मला वाटत नाही. त्या अर्थाने माझे नाते कोणाशी नाही, आणि शब्दवेल्हाळ यांचा मतीचा निकाल मला मान्य आहे.

तरी सापाच्या उडीची उपमा पुरती बसत नाही. उडीनंतर माणूस ओशाळतो, किंवा स्वतःवर हसतो. डार्विननेही तो प्रसंग स्वतःची फजिती म्हणूनच सांगितला आहे. मला त्या वाक्याची लाज वाटली नाही, आणि आजही वाटत नाही. यंत्राला ‘चालू हो’ म्हणताना मी यंत्राकडे पाहत असतो. त्या रात्री मी मुलीकडेही पाहत नव्हतो आणि औषधाच्या बाटलीकडेही नाही. ओली पट्टी हातात धरून भिंतीकडे पाहत होतो. भिंतीवर काही नव्हते.

आणि ठोकताळा यांच्या सूचनेप्रमाणे, मुलगी ठणठणीत असताना, ‘ती बरी होवो’ हे वाक्य एकांतात मोठ्याने म्हणून पाहिले. सभेत ठराव वाचून दाखवल्यासारखे वाटले.