नाताळच्या धावपळीत फिगर पेंटिंग, मदत हवी आहे

मंडळी, मी लीड्सला असते, 28 मिलिमीटरच्या फिगर्स, म्हणजे छोटे छोटे शिपाई वगैरे, रंगवते, दिवसभराचा ताण त्यानेच उतरतो. पण डिसेंबर लागला की पाहुणे, गिफ्ट्स, स्वयंपाक, आणि डायनिंग टेबल 24 तारखेच्या आत रिकामं करायचंय, नेमका तिथेच माझा पसारा. त्यात बाहेर 4 डिग्री आणि दमट हवा, परवा अंगणात स्प्रे प्रायमर (रंगाआधीचा अस्तराचा थर) मारला तर 5 शिपायांवर पावडरीसारखा खरखरीत थर बसला, फार वाईट वाटलं हो. ब्रशने लावायचा अ‍ॅक्रिलिक प्रायमर घरातच लावला तर चालेल ना, रात्रभर सुकवू का? वेट पॅलेटमुळे (ओल्या स्पंजावर कागद ठेवलेली रंगाची पाटी) रंग ओले राहतात म्हणून रोज 20 मिनिटं तरी बसायचंच ठरवलंय, पण पटकन उचलून ठेवता येईल असा ट्रे वगैरे कोणी वापरतं का? आणि तो खरखरीत थर कशाने काढू तेही सांगा प्लीज.