मदत हवी आहे: इसेन्शियल ऑइलचे थेंब किती, बाटली कधी टाकायची आणि डिफ्यूजर कुठे लावायचा?

रानजाई:
नमस्कार मंडळी, जाणकारांकडून मार्गदर्शन हवं आहे. घरात लॅव्हेंडर, टी ट्री, लिंबू आणि गवती चहा या चार इसेन्शियल ऑइलच्या (वनस्पतींपासून काढलेल्या तीव्र सुगंधी तेलांच्या) १० मिलीच्या बाटल्या आहेत.
१. दोन चमचे खोबरेलात टी ट्री आणि गवती चहाचे १०-१० थेंब घालून हातापायांना लावलं, तर लाल पुरळ आलं आणि खाज सुटली. तेल भेसळीचं आहे का?
२. लिंबाची बाटली उघडून दीड वर्ष झालं. वासाला टर्पेंटाइनची झाक आली आहे. वापरू का?
३. डिफ्यूजर (हवेत वास पसरवणारं यंत्र) अल्ट्रासॉनिक आहे, म्हणजे पाण्याचे बारीक तुषार उडवणारा. घरात दीड वर्षाचं बाळ आणि एक मांजर आहे. तो लावायचा कुठे आणि किती वेळ?

निशिगंध:
सगळ्यात आधी ते मिश्रण लावणं बंद करा. तेल अस्सल असलं तरी एवढ्या प्रमाणात पुरळ येऊ शकतं. हिशोब बघा. १ मिलीत साधारण २० थेंब धरतात. दोन चमचे म्हणजे १० मिली, म्हणजे २०० थेंब. त्यात २० थेंब पडले की मिश्रण जवळपास १० टक्क्यांचं झालं. अंगाला लावायला २ टक्के पुष्कळ झाले, चेहऱ्याला अर्धा ते १ टक्का. ३० मिली खोबरेल, तीळ किंवा बदाम तेलाला १ टक्का म्हणजे ६ थेंब, २ टक्के म्हणजे १२.

त्यातून गवती चहा. त्यातलं सिट्रल हे वासाचं रसायन त्वचेला झोंबणारं, म्हणून त्याची मर्यादा ०.७ टक्के धरतात. १०० मिली तेलाला फार तर १४ थेंब. तुमच्या मिश्रणात एकटा गवती चहाच ५ टक्क्यांच्या आसपास गेलाय. लवंगेचं तेल अर्ध्या टक्क्यावर थांबवा आणि दालचिनीच्या सालीचं तेल अंगाला लावूच नका.

थेंबांवर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. बाटलीच्या टोपणाप्रमाणे १ मिलीत २० पासून ३५-४० पर्यंत थेंब भरतात. बिनसुईची १ मिलीची सिरिंज घ्या, तिचा दट्ट्या काढा, तोंड बोटाने बंद करून मागच्या बाजूने थेंब मोजत रेषेपर्यंत भरा आणि तो आकडा बाटलीवर लिहून ठेवा. एकदाच करायचं काम आहे.

पुरळ पूर्ण बसल्यावरच नवं मिश्रण करा. कोपराच्या आतल्या बाजूला त्या मिश्रणाचा एक थेंब लावून वर पट्टी चिकटवा आणि ४८ तास बघा. जळजळ झाली तर आधी साध्या खोबरेलाने पुसून घ्या, मग साबण. नुसत्या पाण्याने ते तेल निघत नाही.

मृद्गंध:
लिंबाबद्दल: त्वचेसाठी ती बाटली बाद. लिंबाच्या तेलात बहुतांश लिमोनिन हे वासाचं रसायन असतं. हवा लागली की त्याचं ऑक्सिडीकरण होतं आणि जे तयार होतं त्यानेच अ‍ॅलर्जी जडते. एकदा जडली की मग ताज्या तेलानेही त्रास होतो, म्हणून हे हलक्यात घेऊ नका. टी ट्रीचंही तेच. तुमची टी ट्रीची बाटली जुनी असेल तर पुरळाचं एक कारण तेही असू शकतं.

लिंबू, संत्रं, टी ट्री उघडल्यापासून वर्षाच्या आत संपवा, फ्रीजमध्ये ठेवा. अर्धी बाटली रिकामी झाली की उरलेलं छोट्या गडद बाटलीत ओता, म्हणजे वर हवा कमी राहते. वाळा, पाचोळी, चंदन मात्र वर्षानुवर्षं टिकतात, उलट मुरतात. जुनं लिंबू फेकायला जिवावर येत असेल तर बरणीवरच्या लेबलचा चिकट डिंक काढायला वापरा, हातमोजे घालून.

लिंबाचं ताजं तेल आणलंत तरी एक पथ्य आहे. साल दाबून काढलेलं तेल लावून उन्हात गेलं तर कातडी भाजल्यासारखी होते. मर्यादा २ टक्के, बर्गामोट या लिंबूवर्गीय फळाच्या तेलाची तर ०.४ टक्केच. वाफेने काढलेल्या लिंबाच्या तेलाला ही भीती नाही.

निशिगंध:
डिफ्यूजरचं: १०० मिली पाण्याला ३ ते ५ थेंब, अर्धा तास चालू, मग तासभर बंद. सतत चालवून वास वाढत नाही. नाकाला सवय होते आणि आपण थेंब वाढवत बसतो. बाळाच्या खोलीत लावूच नका, आणि निलगिरी व पुदिना तर एवढ्या लहान मुलाच्या नाकाजवळही नकोत, श्वास अडखळू शकतो.

मांजराचं यकृत ही रसायनं नीट निकामी करू शकत नाही. अल्ट्रासॉनिक यंत्र तेलाचे बारीक कण उडवतं, ते केसांवर बसतात आणि मांजर अंग चाटतं. टी ट्री तर मांजर असलेल्या घरात डिफ्यूजरमध्ये घालूच नये. बाकीचं काही लावलंत तर दार उघडं ठेवा, तिला निघून जाता आलं पाहिजे.

बाटल्या कुलपात ठेवा. मुलाने तेल गिळलं तर उलटी करवू नका, ते फुफ्फुसात उतरतं. बाटली सोबत घेऊन तडक दवाखाना गाठा.

रानजाई:
खूप आभार. लॅव्हेंडरच्या बाटलीवर ‘लॅव्हेंडुला इंटरमीडिया’ लिहिलंय. हे बनावट का? आणि अंघोळीच्या टबात २-४ थेंब चालतील?

मृद्गंध:
बनावट नाही, ते लॅव्हँडिन, म्हणजे संकरित लॅव्हेंडर. त्यात कापराचा अंश जास्त. ग्रोसो जातीत ६ ते ८ टक्के, खऱ्या लॅव्हेंडरमध्ये एखाद्या टक्क्याच्या आसपास. त्यामुळे वास तिखट येतो. कपड्यांच्या कपाटाला उत्तम. झोपताना उशीशी हवं असेल तर ‘लॅव्हेंडुला अँगस्टिफोलिया’ बघून घ्या. लेबलवर शास्त्रीय नाव, झाडाचा कुठला भाग, काढण्याची पद्धत आणि बॅच क्रमांक हवा, त्या बॅचचा जीसी-एमएस अहवाल (तेलातले घटक ओळखणाऱ्या प्रयोगशाळेतल्या चाचणीचा) मिळाला तर सोन्याहून पिवळं. ‘थेरप्युटिक ग्रेड’ या शब्दांमागे कुठलंच अधिकृत मानक नाही.

घरी एवढंच तपासता येतं: कोऱ्या कागदावर एक थेंब टाका आणि दुसऱ्या दिवशी बघा. लॅव्हेंडर किंवा टी ट्रीचा तेलकट डाग उरला तर त्यात साधं तेल मिसळलंय. वाळा आणि पाचोळीला ही परीक्षा लावू नका, ती जड तेलं डाग ठेवतातच.

टबात थेट थेंब नकोत. तेल पाण्यात विरघळत नाही, तवंग होऊन नेमकं नाजूक जागी चिकटतं. मीठ किंवा दुधात कालवूनही ते सुटं होतंच. ४ थेंब एक मोठा चमचा बिनवासाच्या द्रवरूप साबणात ढवळून मग पाण्यात घाला.