विरोधात बसून स्वायत्ततेचा आराखडा: स्कॉटलंडमध्ये लेबरने नेमकं काय केलं?

कोराकागद: ब्रिटनचा लेबर पक्ष 1979 ते 1997 विरोधात होता. पण मे 1997 मध्ये सत्ता मिळाली आणि सप्टेंबरात स्कॉटलंडला स्वतःची संसद द्यायची का, यावरचं सार्वमतही उरकलं. एवढी तयारी आधी कुठे झाली होती?

जुनंदप्तर: पक्षाच्या कार्यालयात नाही, हे महत्त्वाचं. मार्च 1989 मध्ये स्कॉटिश कॉन्स्टिट्यूशनल कन्व्हेन्शन, म्हणजे या संसदेचा आराखडा ठरवणारं संमेलन, भरलं. त्यात लेबर, लिबरल डेमोक्रॅट, कामगार संघटना, चर्च, स्थानिक परिषदा होत्या. कॉन्झर्व्हेटिव्ह फिरकलेच नाहीत. स्वातंत्र्याचा पर्याय पटलावर नाही म्हणून स्वातंत्र्यवादी स्कॉटिश नॅशनल पार्टीही (एसएनपी) बाहेर राहिली. निर्णय सहमतीने घ्यायचे ठरल्यामुळे लेबरला प्रमाणशीर प्रतिनिधित्व (मतांच्या प्रमाणात जागा) मान्य करावं लागलं. मतदारसंघात सर्वाधिक मतं त्याचीच जागा, या जुन्या पद्धतीत त्यांचाच फायदा होता, तरीही! अंतिम आराखडा 30 नोव्हेंबर 1995 चा. 129 जागांपैकी 73 मतदारसंघांतून, 56 पक्षांच्या प्रादेशिक यादीतून, हा आकडा अशा घासाघिशीतूनच आला.

कलमबहाद्दर: मसुद्याचीही दिशा उलटली. 1978 च्या आधीच्या स्वायत्तता कायद्यात स्कॉटलंडला काय दिलं याची यादी होती. त्यामुळे यादीत नाही ते लंडनचं, आणि प्रत्येक नव्या विषयावर वाद. 1998 च्या कायद्यात (पाचवं परिशिष्ट पाहा) लंडनने काय राखलं ते लिहिलं: संरक्षण, परराष्ट्र व्यवहार, चलन वगैरे. उरलेलं सगळं एडिनबराचं, म्हणजे स्कॉटलंडच्या संसदेचं. आराखडा करणाऱ्याने आधी हे ठरवावं, जागांचं गणित नंतर.

कोराकागद: मग त्या कायद्यावरचं 1979 चं सार्वमत फसलं ते यादीमुळे?

जुनंदप्तर: नाही हो, अटीमुळे. एकूण मतदारांपैकी 40 टक्क्यांचा होकार हवा, ही दुरुस्ती लेबरच्याच एका खासदाराने घुसवली होती. होकार 51.6 टक्के पडला, पण एकूण मतदारांच्या हिशेबात 32.9 टक्केच. म्हणून 1997 ला अशी अट नव्हती, आणि सार्वमतही विधेयकाच्या आधी घेतलं.

कलमबहाद्दर: करावरून मात्र लेबरची पंचाईत झाली. प्राप्तिकराचा मूळ दर पौंडामागे 3 पेन्सपर्यंत कमी-जास्त करण्याच्या नव्या संसदेच्या अधिकाराला विरोधक 'टार्टन टॅक्स' (टार्टन म्हणजे स्कॉटलंडचं चौकड्यांचं कापड) म्हणू लागले. त्यावर जून 1996 मध्ये लेबरच्या नेतृत्वाने सार्वमतात दोन प्रश्न (संसद हवी का, आणि तिला कराचा अधिकार हवा का) ठेवायचं परस्पर जाहीर केलं. कन्व्हेन्शनमधले सहकारी भडकले. निकाल मात्र बाजूने लागला: संसदेला 74.3 टक्के, कराला 63.5 टक्के. गंमत म्हणजे तो अधिकार कधीच वापरला गेला नाही.

वेल्समध्ये असं अनेक पक्षांचं कन्व्हेन्शन नव्हतंच, योजना लेबरने घरच्या घरी केली. तिथल्या सार्वमतात होकार जेमतेम 50.3 टक्के.