ज्याला सूर्यपूजक मानलं, त्यालाच उन्हापासून तोडलं?

मारवा:
हमाद्रियास बबून हे प्राचीन इजिप्तमध्ये थोथचं, म्हणजे लेखन, ज्ञान आणि चंद्राच्या देवाचं, एक रूप. पहाटे ही माकडं ओरडतात, ती सूर्याची स्तुतीच अशी तिथली श्रद्धा. अबू सिंबलच्या मोठ्या मंदिराच्या माथ्यावर हात उंचावलेल्या बबूनांची रांगच कोरली आहे. आता लक्सरजवळच्या गब्बानत अल-कुरुदमधल्या ममींचा २०२३ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास बघा. किमान ३६ बबून, त्यांपैकी हाडांत काहीच बिघाड नाही असे फक्त ४. कित्येकांना मुडदूस, म्हणजे हाडं वाकवणारा रोग! ऊन नाही, धड खाणं नाही. याला भक्ती म्हणायला माझं मन तयार नाही.

दीपमाळ:
साफ असहमत. हे माकड इजिप्तचं नव्हेच. ते आफ्रिकेच्या शिंगातलं, म्हणजे सोमालिया-इथिओपियाच्या टापूतलं, आणि लाल समुद्रापलीकडच्या अरबस्तानातलं. इजिप्तची राणी हत्शेपसुत हिच्या मंदिरात पुंत या दूरच्या प्राचीन देशाहून परतणाऱ्या जहाजांवर बबून कोरलेत. इतक्या लांबून समुद्रमार्गे आणायचं ते छळायला? भिंत सहज चढणारं, लांब सुळ्यांचं जनावर सांभाळायचं तर उंच भिंती आल्याच, आणि त्यांनी ऊन अडवलं. उन्हामुळे मिळणारं ड जीवनसत्त्व तेव्हा कुणाला ठाऊक होतं? अज्ञानाला क्रौर्य म्हणू नका.

कातळशिल्प:
दीपमाळ, काळाची गल्लत होतेय. हत्शेपसुत इ.स.पू. १५व्या शतकातली, तर गब्बानतची माकडं सुमारे इ.स.पू. ८०० ते ५४० मधली. मध्ये सहाशेहून अधिक वर्षं गेली. तिच्या जहाजांवरून या कोंडवाड्याची नियत ठरत नाही. मारवा, तुम्हीही एका जागेवरून अख्ख्या इजिप्तला आरोपी करू नका.

मारवा:
दुसरा मुद्दा मान्य, मी या जागेपुरतंच बोलतो. पण अज्ञानाचा बचाव पटत नाही. जीवनसत्त्व ठाऊक नसेल, वाकलेले पाय तर रोज दिसत होते ना? मेलेल्या माणसाच्या हृदयाचा न्याय होतो त्या चित्रांत तराजूवर अनेकदा हेच माकड बसलेलं असतं. त्याला इतका मान देणाऱ्यांनी समोरच्या जिवंत माकडाला थोडा वेळ तरी उन्हात आणायला हवं होतं.

दीपमाळ:
काळाची चूक माझीच. तरीही मेल्यावर त्यांच्या ममी करून जपल्या, हे मी विसरणार नाही. ज्यांना किंमत नसते त्यांच्यासाठी एवढं कुणी करत नाही.

मारवा:
मेल्यावर केलं. माझा प्रश्न जिवंतपणीचा आहे.