मदत हवी आहे: नाइट गार्ड लावूनही सकाळी जबड्याचा सांधा दुखतो

नमस्कार. उजव्या कानाच्या अगदी पुढे, जबड्याच्या सांध्यापाशी, दिवाळीच्या सुमारास दुखायला लागले ते अद्याप थांबलेले नाही. आधी कानाचेच दुखणे वाटल्यामुळे कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवले. कानात काहीही दोष नसल्याचे सांगून त्यांनी दंतवैद्यांकडे पाठवले. दंतवैद्यांनी दोन्ही कानांपुढे बोटे ठेवून मला तोंड उघडायला आणि मिटायला लावले, गालाचे व कानशिलाचे स्नायू दाबून पाहिले, जिभेच्या कडांवर उमटलेले दातांचे ठसे आरशात दाखवले आणि मी झोपेत दात खाते, तसेच घट्ट आवळते, असे निदान केले.

त्यांनी वरच्या दातांचे माप घेऊन मऊ, रबरासारखा नाइट गार्ड, म्हणजे झोपताना दातांवर बसवायचे आवरण, करून दिला. दातांना त्याचा उपयोग झाला, कारण थंड पाण्याने दात शिवशिवणे बरेच कमी झाले आहे. सांध्याचे दुखणे मात्र वाढले. सकाळी उठते तेव्हा दोन्ही गाल जड असतात आणि कानशिले ठणकत असतात. गार्डमध्ये दाढांच्या जागी खोल खळगे पडले असून उजवीकडचा खळगा आरपार जाण्याच्या बेतात आहे. गार्ड काढल्यावर वरचे आणि खालचे दात नीट जुळत नाहीत, पण चहा होईपर्यंत ते पूर्ववत होतात.

तोंडात तीन बोटे उभी मावतात. उघडताना उजवीकडे ‘कट्’ असा आवाज येतो, परंतु जबडा कधी अडकलेला नाही. कडक भाकरी, पेरू आणि चिक्की मी बंद केली आहे. सुपारी किंवा तंबाखू कधीच खाल्लेली नाही. मी माध्यमिक शाळेत शिकवते आणि वह्या तपासताना दात एकमेकांवर दाबलेले असतात, हे आता लक्षात येऊ लागले आहे. चिंतेच्या त्रासासाठी गेल्या पावसाळ्यापासून सर्ट्रालिन सुरू आहे.

आता दुसऱ्या एका दंतवैद्यांनी काही दाढा घासून चावा, म्हणजे वरचे-खालचे दात एकमेकांवर बसणे, जुळवावा आणि दोन दाढांना कॅप बसवाव्यात, असे सुचवले आहे. एकदा घासलेला दात परत येत नाही, म्हणून मन धजावत नाही. मऊ गार्ड बंद करून कडक गार्ड करून घ्यावा का, गरम पाण्यात मऊ करून बसवायचे तयार गार्ड चालतात का, आणि दुखणे कमी होण्यासाठी गार्डखेरीज काय करावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे. मोठा खर्च सध्या झेपणारा नाही.

प्रतिसाद

ताई, मी दंतवैद्य आहे. प्रत्यक्ष तपासल्याशिवाय निदान करता येत नाही, तरीही दात घासून चावा जुळवण्यास तूर्त नकार द्यावा, हे मी निःशंकपणे सांगतो. सांधेदुखीसाठी दात कायमचे बदलण्यास सबळ आधार नाही, आणि पुढे त्रास झाला तर मागे फिरता येत नाही.

झोपेतले दात खाणे मेंदूच्या पातळीवर घडते. झोप क्षणभर हलकी होते, हृदयाचे ठोके वाढतात आणि पाठोपाठ चावण्याचे स्नायू आकसतात. गार्ड ही क्रिया थांबवत नाही, तो दातांची झीज वाचवतो. म्हणून आपले दात शिवशिवायचे थांबले आणि स्नायू दुखतच राहिले, यात विसंगती नाही. मऊ गार्डवर काही जणांचे स्नायू उलट अधिक जोराने काम करतात, आणि आपले वर्णन त्याच्याशी जुळते.

कडक गार्ड करायचाच असेल, तर तो अ‍ॅक्रिलिक या कडक प्लास्टिकचा, सर्व दात झाकणारा आणि सपाट असावा. त्यावर खालचे दात दोन्ही बाजूंनी सारखे टेकतात की नाही, हे कार्बन पेपरने पाहून तो घासून द्यावा लागतो, आणि ही तपासणी नंतरही पुन्हा करावी लागते. तयार गार्डमध्ये नेमके हेच होत नाही. केवळ पुढच्या दातांवर बसणारा गार्ड दीर्घकाळ वापरू नये, कारण मागचे दात सरकून चावा बिघडू शकतो. दाखवायला जाताना जुना गार्ड सोबत न्यावा, कारण त्यावरचे खळगे भार कुठे पडतो ते दाखवतात.

दुखण्यासाठी मात्र माझा भर गार्डवर नाही. जबड्याच्या दीर्घकालीन दुखण्याबाबत 2023 साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झालेल्या मार्गदर्शक सूचनांत देखरेखीखाली जबड्याचे व्यायाम करणे व स्नायू ताणणे, स्नायू हाताने मोकळे करणे आणि वर्तनोपचार (विचार व सवयी बदलण्याचे मानसोपचार) यांची ठाम शिफारस आहे, तर गार्डच्या बाजूने कौल नाही. त्यामुळे जबड्याचे काम जाणणारे फिजिओथेरपिस्ट आधी गाठावेत. दिवसा ओठ मिटलेले पण दात सुटे असावेत, आणि ‘न’ म्हणताना जीभ जिथे टेकते तिथेच ती विसावू द्यावी. वह्यांच्या गठ्ठ्यावर एखादी खूण चिकटवून ठेवली, तर ती दिसताच जबडा सैल सोडता येतो. गालांना ओल्या गरम कापडाने 15 ते 20 मिनिटे शेक द्यावा. जांभई येताना हनुवटीखाली मूठ धरावी.

सर्ट्रालिनच्या गटातील औषधांनी काही जणांचे दात आवळणे सुरू होते किंवा वाढते. गोळी स्वतःहून बंद करू नये, पण ज्यांनी ती दिली त्या डॉक्टरांना हे अवश्य सांगावे. आपण मोठ्याने घोरता का, मध्येच श्वास अडकतो का, हेही घरच्यांना विचारावे, कारण झोपेत श्वास थांबण्याचा विकार असेल तर वरच्या दातांवरच्या गार्डने तो काहींमध्ये वाढू शकतो.

खर्चाच्या दृष्टीने मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालये किंवा मुंबईचे नायर दंत महाविद्यालय यांचा विचार करावा. तिथे ओरल मेडिसिन (तोंडाच्या व जबड्याच्या विकारांच्या) विभागात आधी तपासणी करून घ्यावी. गार्ड प्रॉस्थोडॉन्टिक्स (कवळ्या व कॅप करणाऱ्या) विभागात तयार होतो. जबडा अडकला, तोंडात दोनपेक्षा कमी बोटे मावू लागली, गाल बधिर झाला अथवा सूज व ताप आला, तर मात्र नंबर लागण्याची वाट न पाहता त्याच दिवशी दाखवावे.