मदत हवी आहे: खादीच्या पांढऱ्या सदऱ्यावर हळद, मुदत रविवार सकाळपर्यंत

गावभागातला_बंड्या (मंगळवार, रात्री ११.४०)

मंडळी, घरात सगळे झोपलेत म्हणून आत्ता लिहितोय. मोबाईलचा उजेडही कमी केलाय.

सांगलीत एप्रिल म्हणजे वर्षाच्या बेगमीचा महिना. गच्चीवर कुरडया, सोप्यात मिरच्यांची देठं, आणि घरातल्या पुरुषांच्या वाट्याला हमाली. आज आईने तीन किलो हळकुंडं हातात दिली. "डंकावर जा, समोर उभा राहून दळून घे, आणि येताना आप्पांचे इस्त्रीचे कपडे आण." दोन कामं, फेरी एक, आणि स्कूटरला पुढे हुकही एकच. इथवर वाचून ज्यांना पुढचं समजलं त्यांनी सरळ शेवटी प्रश्नावर जावं.

बाकीच्यांसाठी सांगतो. आईने डबा दिला होता, तो मी कट्ट्यावरच विसरलो. मग हळद प्लास्टिकच्या पिशवीत घेतली. ताजी दळलेली हळद चांगली गरम असते हे मला आज कळलं. डंकवाले मामा म्हणाले, "तोंड लगेच बांधू नका, वाफ धरंल." मी आज्ञाधारक माणूस. तोंड उघडं ठेवून पिशवी हुकाला अडकवली, तिच्याखाली पायाशी इस्त्रीचं पुडकं ठेवलं आणि निघालो. डंकापासून पंचवीस पावलांवर स्पीड ब्रेकर आहे. त्यावर पट्टे मारलेले नाहीत, पण खोटं कशाला बोलू, मी तिथून रोज जातो.

पिशवी वर उडाली आणि खाली येताना उताणी झाली. क्षणभर मला पुढचं काही दिसेना. हेल्मेटच्या काचेवर, मिशीत, शर्टाच्या बाहीत, सगळीकडे हळद. मागून येणारा एक पोरगा गाडी हळू करून म्हणाला, "काका, जेजुरीहून का?"

पुडक्यात सगळ्यात वर आप्पांचा सदरा होता. वर्तमानपत्राचा कागद फाटला आणि खिशापासून छातीपर्यंत हाताच्या पंजाएवढी हळद बसली.

आता या सदऱ्याविषयी. आप्पा निवृत्त मुख्याध्यापक. सदरा खादीचा, कडक कांजीचा, वर्षातून दोनदाच कपाटाबाहेर येणारा. २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हा आमच्या खालच्या मजल्यावरचं सामान गेलं, पण माळ्यावर ज्या चार वस्तू आधी चढवल्या त्यात हा सदरा होता. गॅसची शेगडी नंतर चढवली. कृष्णामाईला जे जमलं नाही ते मी एका स्पीड ब्रेकरवर करून दाखवलं. येत्या रविवारी १९८९ सालच्या दहावीच्या मुलांनी (मुलं म्हणजे आता पन्नाशी ओलांडलेली) आप्पांचा सत्कार ठेवलाय, आणि आप्पा आठवडाभर "माझा सदरा आला का" एवढंच विचारतायत. "इस्त्रीवाल्याकडे लाइट नाही" असं सांगून ठेवलंय.

घरी येऊन मोरीत शिरलो, कडी लावली, साबणाची वडी घेतली आणि घासायला लागलो. मंडळी, तो डाग लाल झाला. पिवळा जाऊन लालभडक! मला घाम फुटला. पिळून मागच्या खिडकीत वाळत टाकला तर शेजारच्या काकूंनी बघितला. त्यांनी मला काही विचारलं नाही, इतरांना सांगितलं. संध्याकाळी सातला मिरजेहून चुलत्यांचा फोन, "बंड्या, डोक्याला टाके किती पडले?"

बायकोला सगळं माहीत आहे. तिची भूमिका स्पष्ट आहे: "तुमचे आप्पा, तुमची आई, तुमची स्कूटर." मुलगी पाचवीत आहे, तिलाही माहीत आहे. गप्प बसण्याचा दर आज एक भेळ होता, उद्याचा उद्या ठरणार आहे.

तर, हा डाग लाल का झाला आणि तो जाणार कसा? ब्लीच टाकू का? आणि आप्पांना मध्ये काय सांगत राहू?

मिरजेचा_तंबोरा

ब्लीच टाकू नका. मी टाकलं होतं. डाग गेला, त्याच्याबरोबर खिसाही गेला.

पोवईनाका

सांगलीकरांना हळदीचे डाग काढता येत नाहीत हे वाचून साताऱ्यात आनंदाचं वातावरण आहे. म्हणून आम्ही कंदी पेढ्याचा धंदा धरला. सांडला तर उचलून खाता येतो.

बाकी नीळ टाकून बघा. पिवळेपणा मारते.

हरिपूरकर

अहो, सांगलीची हळद आहे ती! २०१८ साली जीआय मानांकन मिळालंय. रंग बघून भाव ठरतो तिचा. आमच्या गावात जमिनीखाली पेवं होती, त्यात पोत्यांनी हळद साठवायचे. २००५ च्या पुरात पेवांत पाणी शिरलं तेव्हाचं नुकसान अजून लोक सांगतात. आजोबा पेवाच्या कामावर होते. ते घरी आले की आजी त्यांना आधी दारातच झटकायची. पाण्याला हात लावू द्यायची नाही. तुम्ही ओल्या हाताने पुसलं असणार, हो ना?

गावभागातला_बंड्या (बुधवार, दुपार)

@हरिपूरकर, ओल्या रुमालाने. तिथेच, रस्त्यात. वर थुंकीही लावली. मानांकन रंगासाठी दिलं असेल तर मी साक्षीला येतो.

@पोवईनाका, तुमचं ऐकून सकाळी नीळ टाकली. आता तो भाग फिकट हिरवा आहे. चोवीस तासांत सदऱ्याने सिग्नलचे तिन्ही रंग दाखवलेत.

पोवईनाका

पिवळ्यात निळा मिसळला की हिरवा होतो हे तुमच्या मुलीला विचारलं असतं तरी चाललं असतं. मी फक्त सल्ला दिला.

प्रयोगशाळेतली_मावशी

सगळे जरा थांबा. मी एकतीस वर्षं शाळेत रसायनशास्त्र शिकवलंय आणि दर वर्षी हळदीचा कागद मुलांकडून करून घेतलाय. हळदीत कुर्क्युमिन नावाचं रंगद्रव्य असतं. आंबट पदार्थात ते पिवळं राहतं, अल्कलीत म्हणजे साबण, सोडा, चुना लागला की तांबडं होतं. तुमच्या सदऱ्यावर रक्त नाही आणि तो बिघडलेलाही नाही. हळदीत चुना घातला की तांबडं होतं हे आपल्या आज्यांना बिनापुस्तकाचं माहीत होतं. तुम्ही खिशावर कुंकू तयार केलंत.

आता करायचं असं. आधी साध्या पाण्याने नीळ आणि साबण नीट काढून टाका. मग लिंबू पिळा, तांबडा रंग परत पिवळा होईल. घाबरू नका, तो व्हायलाच हवा. कुर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात आणि स्पिरिटमध्ये विरघळतं. म्हणून आमटीचा डाग जास्त चिवट, तेल त्याला धाग्यात आत घेऊन जातं. तुमची कोरडी हळद होती, तुमचं नशीब. (थुंकीचं काय करायचं ते तुम्ही बघा.) कापसाच्या बोळ्याने स्पिरिट लावून टिपा, घासू नका. त्यानंतर ओला सदरा कडक उन्हात टाका, डाग वरच्या बाजूला. वाळला की परत ओला करून परत टाका. उजेडाने हा रंग विटतो. एप्रिलमधलं सांगलीचं ऊन फुकट आहे, तेच खरं औषध. आणि डाग जाईपर्यंत इस्त्री फिरवू नका.

मिरजेचा_तंबोरा

मावशींना दंडवत. मला ही उत्तरं सहा महिने आधी हवी होती. खिसा वाचला असता.

गावभागातला_बंड्या (गुरुवार, रात्री)

मावशी, तुमच्या पाया पडतो. लिंबाने लालाचा पिवळा झाला, डोळ्यादेखत! मुलीला बोलावून दाखवलं, ती खूश झाली, म्हणून आजची भेळ माफ.

अडचण उन्हाची आली. गच्चीवर आईच्या कुरडया आणि पाच किलो मिरच्या वाळतायत आणि राखणीला स्वतः आई. म्हणून काल सदरा दोरीवर टाकून त्यावर चादर पांघरली. संध्याकाळी बघतो तर डाग जिथल्या तिथे. चादर मात्र छान विटली.

शेवटी शेजारच्या काकूंकडे गेलो. ज्यांनी मला टाके घातले त्याच काकू. खरं सगळं सांगितलं. त्या हसून हसून पायरीवरच बसल्या. मग त्यांच्या गच्चीवर जागा दिली, आणि आज दिवसभरात स्वतः तीन वेळा पाणी शिंपडून सदरा उलटापालटा केला. आता एवढंच, की टाक्यांची बातमी जिथवर गेली होती तिथवर हळदीचीही जाणार. आप्पांचा गुडघा दुखतो म्हणून ते कट्ट्यावर जात नाहीत, तेवढाच आधार.

हरिपूरकर

सांडली किती?

गावभागातला_बंड्या

हा प्रश्न नको होता.

गावभागातला_बंड्या (रविवार, रात्री)

सदरा घालून आप्पा जाऊन आले! खिशाच्या काठाला बारीक पिवळी रेघ आहे, पण पेन लावला की झाकते. शाल, श्रीफळ, भाषण सगळं झालं. १९८९ ची मुलं एकेक करून पाया पडली, त्यातल्या एकाला आप्पांनी त्याचा गणिताचा मार्क सांगितला. घरी येऊन सदरा काढताना म्हणाले, "इस्त्रीवाल्याने यंदा कांजी मारलीच नाही. उद्या त्याला बोलतो."

कांजी अर्थात मी लिंबाबरोबर धुऊन टाकली होती.

त्याहून मोठं संकट आईचं. सत्काराच्या गडबडीत हळद तशीच पिशवीत होती. आज तिने बरणीत भरायला काढली आणि वजनकाट्यावर ठेवली. दोन किलो सहाशे दहा. तीन किलो दिलेली. दळताना थोडी घट येते हे ती मानते, शंभर ग्रॅमपर्यंत. उरलेल्या दोनशे नव्वद ग्रॅमचा तिने हिशेब मांडला आणि निष्कर्ष काढला, डंकवाल्याने मारली. "समोर उभा होतास ना तू?" मी म्हटलं, हो. उभा होतोच की.

उद्या सकाळी ती डंकावर जाणार आहे. एका सदऱ्यापायी दोन निरपराध माणसं शिव्या खाणार. इस्त्रीवाल्याला मी फोन करून आधीच माफी मागितली, तो म्हणाला आप्पा दर वर्षी बोलतातच. डंकवाल्या मामांचं काय करू? आईला आत्ता खरं सांगितलं तर टाके, लाइट, पुडकं सगळंच बाहेर येतं.

प्रयोगशाळेतली_मावशी

यावर माझ्याकडे लिंबू नाही. सांगून टाका.

पोवईनाका

मी सल्ला देत नाही.

गावभागातला_बंड्या (सोमवार, दुपार)

नाही सांगितलं. धीर झाला नाही. आई नऊला गेली, साडेनऊला परत आली, हातात कागदाची पुडी. "काही न बोलता दिली बघ त्याने. म्हणाला, मावशी, माझ्या जात्यात राहिली असंल." तीनशे ग्रॅम. वर दहा ग्रॅम जास्तच. आई एकदम नरमली होती, म्हणाली माणूस चांगला आहे हो.

मला जेवण गेलं नाही. ऑफिसला जाताना वाटेत डंकावर थांबलो आणि मामांच्या समोर पैसे ठेवले. त्यांनी ते परत सरकवले. म्हणाले, "दादा, ब्रेकर माझ्या दुकानातनं दिसतो की. तुम्ही गेल्यावर मी आणि पोरगं झाडू घेऊन रस्ता झाडत होतो."

मग परत बोलावून म्हणाले, "पुढच्या आठवड्यात तुमची चटणी कुटायला येणार ना? मिरच्या मावशींनाच घेऊन येऊ द्या. तुम्ही नका येऊ."